भारतातील लिंबूवर्गीय फळांचा दरडोई पुरवठा: वाढला तो नेमका कोणत्या फळाचा?

आकडेमोडे (धागालेखक)

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्नताळेबंद प्रसिद्ध करते. देशात पिकलेले आणि बाहेरून आलेले फळ एका बाजूला धरायचे, त्यातून निर्यात, साठ्यातील फरक, वाहतूक-साठवणुकीतील नासाडी आणि खाण्याखेरीज झालेला वापर वजा करायचा, आणि उरलेल्या राशीला लोकसंख्येने भागून दरडोई पुरवठा काढायचा, अशी ही पद्धत आहे. लिंबूवर्गीय फळांचे तिथे चार गट आहेत: संत्री व मोसंबी यांचा एकत्र गट, लिंबांचा गट, ग्रेपफ्रूटचा गट आणि उरलेल्यांचा गट. आपल्याकडे ज्या दोन फळांची झाडे, हंगाम, बाजार आणि गिऱ्हाईकही वेगळे, ती दोन फळे या ताळेबंदात एकाच ओळीत बसतात, हे आरंभीच नोंदवून ठेवतो.

मी राष्ट्रीय फलोद्यान मंडळाचे जुने-नवे तक्ते पुढे ठेवून साधा हिशेब केला. १९९१-९२ मध्ये देशात सुमारे २८ लाख टन लिंबूवर्गीय फळे पिकली. तेव्हाच्या साडेचौऱ्याऐंशी कोटी लोकसंख्येला भागिले तर माणशी सव्वातीन किलोंच्या थोडे वर. २०१०-११ मध्ये उत्पादन सुमारे ७५ लाख टन, म्हणजे माणशी सहा किलो. अलीकडच्या वर्षांत ते १४० लाख टनांच्या आसपास पोहोचले आहे आणि लोकसंख्याही १४० कोटींच्या घरात असल्यामुळे भागाकार तोंडी करता येतो: माणशी दहा किलो. तीस वर्षांत लोकसंख्या दुपटीच्याही आत राहिली आणि उत्पादन पाचपट झाले, असे हे चित्र आहे. चीन आणि ब्राझील यांच्या पाठोपाठ आपले नाव घेतले जाते ते यामुळेच.

मला तीन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे २०१०-११ ते २०१३-१४ या तीनच वर्षांत उत्पादन ७५ लाख टनांवरून १११ लाख टनांवर गेलेले दिसते. कलम लावल्यावर पाच-सहा वर्षांनी धरणारे झाड इतक्या झपाट्याने देशाचे उत्पादन दीडपट करील, हे पटायला अवघड आहे. नोंदणीची पद्धत किंवा क्षेत्राचा अंदाज यांत काही बदल झाला असावा, असा माझा तर्क आहे. दुसरी गोष्ट उत्पादकतेची. १९९१-९२ मध्ये हेक्टरी सरासरी सात टनांच्या थोडी वर होती, ती आता तेरा टनांच्या जवळ दिसते. विदर्भातील बागायतदारांना ही सरासरी आपली वाटते का, हे त्यांनीच सांगावे. तिसरी गोष्ट अशी की, वर्षभराची सरासरी बाजारातल्या अनुभवाशी जुळत नाही. पुरवठा तिप्पट झालेल्या देशात एप्रिल २०२२ मध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकले गेले, आणि त्याच देशात नोव्हेंबरमध्ये संत्री मातीमोल भावाने जातात.

जाणकारांनी आपापल्या बाजूने लिहावे, ही विनंती.

वरूडकर

आकडेमोडे भाऊ, धागा चांगला काढलात. हेक्टरी तेरा टन ही सरासरी आमच्याकडच्या फार थोड्या बगीच्यांना लागू पडते. ठिबक, गादीवाफ्यावरची लागवड आणि वेळेवर छाटणी करणारा बागायतदार त्याहूनही जास्त काढतो, पण वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील बरीच झाडे जुनी आहेत, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या भारी जमिनीत आहेत आणि डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने, पोखरलेली आहेत. तिथे सात-आठ टन हाती आले तरी माणूस समाधान मानतो. देशाची सरासरी वर गेली असेल तर ती आमच्यामुळे गेलेली नाही.

ती कुणामुळे गेली याचा निम्मा धागा मात्र आमच्याच गावांपर्यंत येतो. शेंदुरजनाघाट आणि वरूडच्या रोपवाटिकांतून दरवर्षी ट्रकच्या ट्रक कलमे बाहेर जातात. जंबेरी जातीच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या रोपावर, डोळा भरलेली ही नागपुरी संत्र्याची रोपे छिंदवाडा-पांढुर्ण्याला तर जुन्या काळापासून जात होतीच. पुढे ती आगर-माळवा, शाजापूर, मंदसौरला गेली आणि राजस्थानात झालावाडपर्यंत पोहोचली. तिकडची जमीन नवी, झाडे तरुण, डिंक्याचा शिरकाव कमी. आज संत्रावर्गीय उत्पादनात मध्य प्रदेश महाराष्ट्राच्या पुढे आहे आणि पंजाबही पुढे आहे. म्हणजे नाव नागपूरचे, रोप वरूडचे आणि उत्पादनाची नोंद दुसऱ्या राज्याच्या खात्यावर. भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळाले, त्याचा अभिमान आहेच, परंतु बाजारात ढिगावर ठेवलेल्या फळाला मानांकन कुणी विचारीत नाही.

आता नासाडीबद्दल लिहितो, कारण ताळेबंदात हा रकाना आहे असे आपण म्हणता. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लिंबूवर्गीय फळांची नासाडी ९.६९ टक्के दिली आहे. हा आकडा काढणीपासून पुढचा आहे. आमचे खरे नुकसान त्याच्या आधीच झालेले असते. बहार म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम. आंबिया बहाराची फळे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांतून धरतात, उन्हाळाभर पाणी पाजून ती जगवायची, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळ लिंबापेक्षा मोठे, रंगाला यायच्या बेतात आले की गळ सुरू होते. सकाळी बगीच्यात गेलो की झाडाखाली हिरवी-पिवळी फळे पसरलेली असतात. एखादे उचलून पाहिले तर देठाजवळ तपकिरी कडे दिसते, ती बुरशी. दुसऱ्यावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र असते, दाबले की त्यातून आंबूस रस येतो, ती रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाची करणी. हा पतंग गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतो, म्हणून बांधावरच्या त्या वेली काढा, संध्याकाळी धूर करा, पडलेली फळे वेचून खड्ड्यात पुरा, असे सांगितले जाते आणि आम्ही करतोही. परंतु शेजाऱ्याने केले नाही तर आपल्या धुराचा उपयोग तो किती! सततचा पाऊस असलेल्या वर्षी धरलेल्या फळांचा मोठा हिस्सा जमिनीवर जातो. ही फळे उत्पादनात धरली जात नाहीत, त्यामुळे ती नासाडीतही येत नाहीत. कागदावर ती कधी लागलेलीच नव्हती.

वाशीचा_आडत्या

वरूडकर भाऊंचे बरोबर आहे. मी बाजाराच्या टोकाकडून पुरवणी जोडतो.

सरकारी तक्त्यात "संत्रा" म्हणून जे दिसते त्यात पंजाब-राजस्थानचा किन्नूही धरलेला असतो. अबोहर, फाजिल्का आणि श्रीगंगानगर हे त्याचे मुख्य भाग. किन्नू हा कॅलिफोर्नियात किंग आणि विलोलीफ या दोन जातींच्या संकरातून तयार होऊन १९३५ मध्ये प्रसारित झालेला वाण आहे. नागपुरीशी त्याचे लांबचे नाते आहे इतकेच. त्याची साल फळाला घट्ट चिकटलेली, त्यामुळे माल दाबला जात नाही. कालव्याच्या पाण्यावर झाड भरपूर लागते. आणि वर्गवारी करून मेणाचा हात दिलेले एकसारखे फळ खोक्यातून येते. नागपुरीची साल सैल. घरी खाणाऱ्याला ती सोलायला सोपी म्हणून आवडते, पण हजार किलोमीटरच्या प्रवासात तीच नडते: उघड्या गाडीत भरलेला माल खालच्या थरात पिचतो आणि एक फळ फुटले की त्याची बुरशी शेजारच्या दहांना लागते. चवीत नागपुरी उजवी आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि किन्नूत बिया फार. पण दक्षिणेतील आणि पूर्वेकडील घाऊक खरेदीदार चव नंतर पाहतो, आधी पोहोच पाहतो. तीस वर्षांत माणशी संत्री वाढली असे म्हणताना त्यातला मोठा वाटा किन्नूचा आणि माळव्याचा आहे, हे लक्षात घ्यावे.

हंगामाचे कोष्टकही सांगून ठेवतो. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया संत्रा. डिसेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत किन्नू. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत मृगाचा, म्हणजे जूनच्या पावसावर फुललेला संत्रा, जो आता कमी येतो. मोसंबी जालना-संभाजीनगरकडून आणि आंध्र-तेलंगणातून सातगुडी या जातीची, अशी दोन-तीन झोतांत येत राहते. मार्चनंतर दुकानांत जी झळझळीत केशरी, जाड सालीची, स्टिकर लावलेली संत्री दिसतात ती बहुधा इजिप्तची, आणि पावसाळ्यात दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियाची. मे, जून, जुलै या तीन महिन्यांत देशी संत्रा जवळजवळ नसतो. दरडोई दहा किलो हे बारा महिन्यांत सारखे वाटलेले नाहीत.

पोषणविचार

सर्वांना नमस्कार. मी आहारशास्त्राच्या बाजूने दोन मुद्दे मांडते.

पहिला मुद्दा असा की "अन्नासाठी उपलब्ध पुरवठा" म्हणजे खाल्लेले अन्न नव्हे. अन्नताळेबंदातील किलो सालीसकट, बियांसकट मोजलेले असतात, आणि घरात कुजून टाकलेले फळ त्यातून वजा होत नाही. धागालेखकांचे दहा किलो घेऊ. वर सांगितलेली सुमारे दहा टक्के नासाडी काढली तर नऊ उरतात. साल, चोथा, बिया यांसाठी ढोबळमानाने तीस टक्के वजा केले तर सव्वासहा किलोंच्या आसपास पोटात जाऊ शकेल असा भाग राहतो. वर्षाच्या दिवसांनी भागल्यावर हे दिवसाला सतरा ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत सर्व फळे मिळून दिवसाला शंभर ग्रॅमची शिफारस आहे. त्या शंभरात लिंबूवर्गीय फळांचा वाटा सतरा असणे वाईट नाही, परंतु तो सरासरीचा सतरा आहे. फळ घेणारे कुटुंब आणि आजारपणातच मोसंबी आणणारे कुटुंब यांची ही बेरीज आहे.

दुसरा मुद्दा लिंबाचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या उपभोगखर्च पाहणीत संत्री-मोसंबी ताज्या फळांत विचारली जातात, तर लिंबाचा उल्लेख भाज्यांच्या यादीत येतो, आणि दोन्ही नगांवर मोजली जातात. घरातील व्यवहार पाहता हे योग्यच आहे. लिंबू आपण मिरची-कोथिंबिरीबरोबर घेतो. मात्र अन्नताळेबंदात तेच लिंबू टनांवर आणि फळांत जाते. त्यामुळे पाहणीतील खप आणि ताळेबंदातील पुरवठा शेजारी ठेवायचे झाल्यास आधी प्रत्येक नगाचे वजन गृहीत धरावे लागते, आणि कागदी लिंबू तीस ग्रॅमचे धरले की पन्नासचे, यावर अख्खा निष्कर्ष फिरतो. शिवाय हॉटेले, रसवंत्या, सरबताच्या गाड्या आणि लोणच्याचे कारखाने यांचा खप घरगुती पाहणीत नीट पकडला जात नाही. दोन्ही आकड्यांत तफावत दिसली म्हणून कुणी तरी खोटे बोलत आहे, असे समजू नये.

आकडेमोडे

पोषणविचार ताई, तुमच्या हिशेबाला थोडी पुस्ती जोडतो. सध्याच्या १४० लाख टनांपैकी संत्रावर्गीय फळे साठ लाख टनांच्या वर आहेत, आणि मोसंबी व लिंबू प्रत्येकी पस्तीस लाख टनांच्या आगेमागे. म्हणजे दहा किलोंतले जवळजवळ अडीच किलो लिंबू आहे. तेवढे लिंबू कुणी फळ म्हणून खात नाही. ते चव, सरबत आणि लोणचे यांत जाते. तुमच्या सतरा ग्रॅमांतून तो भाग वेगळा काढला तर तेरा ग्रॅम राहतात, म्हणजे संत्र्याच्या एक-दोन फोडी.

एप्रिल २०२२ च्या लिंबाबद्दल कुणी खुलासेवार लिहील का? वार्षिक आकड्यात त्या वर्षी काही मोठी घसरण दिसत नाही.

श्रीगोंद्याची_मीरा

मी लिहिते. आमच्याकडे घरचेच लिंबू आहे.

लिंबाला वर्षातून तीन बहार येतात: आंबिया, मृग आणि हस्त. उन्हाळ्यात, म्हणजे सरबताच्या दिवसांत, बाजारात येणारे लिंबू हस्त बहाराचे असते. त्याची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावी लागतात, आणि त्यासाठी त्याआधी झाडाला पाण्याचा ताण बसायला हवा. मृग आणि आंबिया धरायला पाणी तोडणे आपल्या हाती असते, पण हस्तासाठी पावसाळ्यातच जमीन सुकायला हवी आणि ते देवाच्या हाती. २०२१ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस हटलाच नाही. झाडे ताणावर न येता हिरवीगार पालवी काढत राहिली आणि फुले तुरळक आली. जी थोडी फळे धरली त्यांच्यावर मार्च २०२२ चे ऊन पडले. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातील सरासरी कमाल तापमानाचा तो सर्वांत उष्ण मार्च होता. बारीक फळे गळाली. तिकडे आंध्रात गुडूर-नेल्लोरकडे आणि गुजरातेतही माल कमी होता, त्यामुळे एका प्रदेशाची तूट दुसऱ्याने भरून काढण्याची सोय राहिली नाही. नेमकी दोन वर्षांनंतर उघडलेली लग्नसराई, रमजानचा महिना आणि रसवंत्या यांची मागणी एकदम आली. किलोला तीनशेच्या वर भाव गेला तो या सगळ्यामुळे.

आता याची दुसरी बाजू, जी शहरातल्या लोकांच्या स्मरणात राहत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात आंबियाचे लिंबू आले तेव्हा तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. लिंबू तोडणे हे काट्यांतले काम आहे, हाताला चिरे पडतात, आणि फळ लहान असल्यामुळे एका गोणीला वेळ फार लागतो. भाव मजुरीच्या खाली गेला की आम्ही तोडायचे थांबवतो, फळ पिवळे होऊन झाडाखाली पडते. एप्रिलमध्ये जे झाडावर नव्हते त्याची भरपाई ऑगस्टमधल्या ढिगाने वार्षिक बेरजेत होऊन जाते, म्हणून तुमच्या तक्त्यात घसरण दिसली नाही.

हा भाव पाहून आमच्या भागात अनेकांनी लिंबाची नवी लागवड केली. ती आता धरू लागली आहे. पुरवठ्याचा आलेख वर जाईलच, पण तो पावसाळ्यात जाईल.

टॅम्पाकर

मी बरीच वर्षे फ्लोरिडात राहतो, म्हणून एक परकी पण उपयोगी नोंद. इथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे चोवीस कोटी पेट्या निघाल्या होत्या, पेटी साधारण एक्केचाळीस किलोंची. २००५ मध्ये ग्रीनिंग हा झाड हळूहळू मारणारा रोग सापडला, आणि २०२२-२३ मध्ये, चक्रीवादळाचा तडाखाही बसल्यावर, उत्पादन एक कोटी अठ्ठावन्न लाख पेट्यांवर आले. ज्या रस्त्यांच्या दुतर्फा बागा होत्या तिथे आता घरबांधणीचे फलक आहेत. हा रोग पसरवणारी सायला ही कीड आणि रोग, दोन्ही भारतात फार आधीपासून आहेत. वरूडहून ट्रकच्या ट्रक रोपे राज्याराज्यांत जातात हे वाचून मला पहिला प्रश्न हाच पडला की, त्या रोपांची रोगमुक्तता कोण तपासते?

वरूडकर

टॅम्पाकर साहेब, प्रश्न रास्त आहे. परवाना असलेल्या रोपवाटिका आहेत, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची निरोगी मातृवृक्षांवरून तयार केलेली रोपेही मिळतात, पण मागणीच्या मानाने ती फार थोडी. बाकीचा व्यवहार ओळखीवर चालतो. रोप घेताना आम्ही पाने आणि मुळे पाहतो. ग्रीनिंग मात्र डोळ्यांना वर्षानुवर्षे दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला, त्यातील नऊ केंद्रांपैकी लिंबूवर्गीय फळांचे एक केंद्र नागपूरला ठरले आहे. तिथून तपासलेले कलमांचे डोळे रोपवाटिकांपर्यंत पोहोचायला आणि त्या रोपांची झाडे व्हायला एक दशक सहज जाईल. मागच्या एका खेपेला एका रोपवाटिकेने मला दिलेल्या कलमांत खुंटाची भेसळ निघाली, ती झाडे सहाव्या वर्षी ओळखू आली. तोवर जमीन, पाणी आणि खत यांचा खर्च होऊन गेला होता. फळबागेत फसवणूक उशिरा उघड होते, ही तिची खरी अडचण.

वाशीचा_आडत्या

आयात-निर्यातीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आयातीचा बाऊ फार केला जातो. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि त्यात संत्रावर्गीय फळांच्या १३,७०० टनांवर निम्म्या शुल्काची सवलत मिळाली, तेव्हा आमच्याकडे बराच आरडाओरडा झाला होता. १३,७०० टन म्हणजे १४० कोटींना वाटल्यास माणशी वर्षाला दहा ग्रॅम. एक फोडसुद्धा पुरी होत नाही.

निर्यात मात्र लहान असूनही भाव ठरवते. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ नंतर आयातशुल्क दरवर्षी चढवत नेले आणि २०२३ च्या हंगामात ते किलोमागे ८८ रुपयांवर पोहोचले. फळ जेवढ्याला विकत घ्यायचे त्याच्या कितीतरी पट कर. महाराष्ट्र शासनाने त्यातले निम्मे, म्हणजे ४४ रुपये, अनुदान म्हणून जाहीर केले, पण ते येईपर्यंत आंबियाचा बराच माल उतरून गेला होता. जो माल सीमेपलीकडे जायचा तो देशातल्याच मंड्यांत उतरला आणि भाव पडले. गंमत अशी की अन्नताळेबंदात त्या वर्षी निर्यात घटल्यामुळे देशातला दरडोई पुरवठा वाढलेला दिसेल. अर्थशास्त्राच्या वहीत ही चांगली बातमी. वरूडच्या बगीच्यात ती तशी वाचली जाणार नाही.

पोषणविचार

प्रक्रियेबद्दल आडत्या दादांचे मत जाणून घ्यायला आवडेल. ब्राझीलमध्ये बहुतांश संत्री रसासाठीच जातात. आपल्याकडे नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा मोठा प्रकल्प सुरू झाला असून त्याची घोषित क्षमता दिवसाला ८०० टन आहे. त्याचा पुरवठ्यावर परिणाम कोणता होईल?

वाशीचा_आडत्या

ताई, बाजारात न खपणारी चुरी, म्हणजे लहान आकाराचे फळ, हाच अशा प्रकल्पाचा कच्चा माल. आंबियाच्या मालात चुरीचे प्रमाण मोठे असते आणि आजवर ती रस्त्याच्या कडेला टाकलेली मी पाहिली आहे. तिला ठरलेला भाव मिळाला तर मोठ्या फळाचाही भाव सावरतो, कारण चुरी मंडीत येऊन ढीग वाढवीत नाही. अडचण फळातच आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात कडवट होतो; बियांत आणि आतल्या पडद्यांत असलेल्या लिमोनिनमुळे हे होते. ब्राझीलने रसासाठी जाती निवडल्या आणि मग बागा लावल्या. आपण खाण्याच्या फळाच्या बागा लावल्या आणि आता त्यातून रस मागतो आहोत. कडवटपणा काढण्याचे तंत्र आहे, पण त्याला खर्च आहे. आणि आपला ग्राहक रस पितो तो कोपऱ्यावरच्या गाडीवर, मोसंबीचा, डोळ्यांदेखत काढलेला. मोसंबीची लागवड इतकी वाढली त्याचे मोठे कारण त्या गाड्या आहेत, असे मला वाटते.

आकडेमोडे

आता मला माझा मूळ तक्ता बदलावा लागणार. वार्षिक दरडोई आकड्याऐवजी संत्रा, किन्नू, मोसंबी आणि लिंबू असे चार वेगळे आलेख, आणि प्रत्येकाची महिन्यागणिक आवक, अशी मांडणी करतो. किन्नू आणि नागपुरी राज्यांवरून वेगळे करता येतील. पंजाबातले ते किन्नू, मध्य प्रदेश-महाराष्ट्रातले ते नागपुरी. राजस्थानात मात्र श्रीगंगानगर आणि झालावाड जिल्हावार पाहावे लागेल. मृग आणि आंबिया यांची वेगळी नोंद कुठे मिळेल का?

वरूडकर

वेगळी नोंद मिळणार नाही, पण ती काढता येते. नागपूरच्या कळमना बाजार समितीतील संत्र्याची आवक महिन्यावार पाहावी. ऑक्टोबर ते जानेवारीपर्यंतचा माल आंबियाचा धरावा आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढचा मृगाचा. थोडी सरमिसळ होईल, ती चालवून घ्यावी.

त्यात आपल्याला मृग आटत गेलेला दिसेल, असा माझा अंदाज आहे, आणि आमच्या गावापुरता तो अंदाज नसून रोजचा व्यवहार आहे. मृगासाठी मे महिन्यात झाड पूर्ण ताणावर ठेवायचे आणि जूनच्या पहिल्या जोरदार पावसावर ते फुलवायचे. उन्हाळ्यात पाणी लागत नाही, म्हणून कमी पाण्याच्या शेतकऱ्याचा हा बहार. अलीकडे मे महिन्यात अवकाळी पाऊस पडून ताण मध्येच तुटतो, किंवा मृग नक्षत्र कोरडे जाऊन ताण इतका लांबतो की झाडच खंगते. दोन-तीन वर्षे फुले आली नाहीत की माणूस कंटाळून आंबियाकडे वळतो. आंबियाचा ताण थंडीत बसतो, तो सहसा चुकत नाही, पण पुढे फेब्रुवारी ते जून असे पाच महिने पाणी द्यावे लागते. आमचे तालुके भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित ठरलेले आहेत, विंधनविहिरी खोल खोल जात आहेत, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात टँकरने पाणी घालूनही झाडे वाळली ती याच पट्ट्यात. तरीही आंबियाच धरला जातो, कारण फुलाची खात्री तिथे आहे.

त्याचा परिणाम आपण बाजारात पाहता. सगळ्यांचा आंबिया नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकदम उतरतो, तेव्हाच किन्नूच्या गाड्या सुरू होतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये जिथे मृगाचा संत्रा असायचा तिथे स्टिकरवाले फळ बसते. आपला तक्ता तयार झाला की मार्च-एप्रिलची ओळ आधी पाहावी, आणि ती २०१० च्या आधीपासून मिळाली तर अधिक बरे, म्हणजे मृग नेमका कोणत्या वर्षांपासून कमी होत गेला ते कळेल.